कण्हेर : देखणी, पण जपून

रोमजवळच्या प्राइमा पोर्टा येथे सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिचा वाडा होता. तिथल्या एका दालनाच्या चारही भिंतींवर बाग रंगवलेली सापडली. त्या बागेत कण्हेरही फुललेली आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची! भूमध्य समुद्राकाठच्या ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत भर उन्हाळ्यात ती आजही गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडते.

आपल्याकडे तर ती देवपूजेतली. संस्कृतात तिला करवीर म्हणतात. पाणी नसले तरी ती तग धरते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच महामार्गाच्या दुभाजकांवर ती रांगेने दिसते.

गुरे तोंड लावत नाहीत, याचे कारण विष. तिची पाने जनावरांना घातक असल्याचे प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवले होते. पान, फूल, खोड, मूळ, चीक, सगळ्यांत ओलिअँड्रिन हे द्रव्य असते. ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. आधी मळमळ, उलट्या, पोटदुखी. मग नाडी मंदावते, अनियमित होते. पान वाळले तरी विष जात नाही.

केरळमध्ये २०२४ साली एका तरुणीचा मृत्यू झाला. फोनवर बोलता बोलता तिने कण्हेरीचे पान-फूल सहज चावले होते, असे सांगण्यात आले. त्यानंतर मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी आपल्या देवळांतल्या नैवेद्यात व प्रसादात ही फुले वापरणे बंद केले. उशिरा का होईना, शहाणपणाचा निर्णय. घरच्या देवापुढेही फूल वाहावे, पण प्रसादाच्या वाटीत पडू देऊ नये.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही वेगळी, मूळची अमेरिकेतली. तिच्या बियाही तितक्याच जहाल, आणि मुले नेमकी त्यांच्याशीच खेळतात.

म्हणून दारची कण्हेर तोडायलाच हवी असे नाही. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत, फांद्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत, कारण धूरही बाधतो. रांगते मूल घरात असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. कुणी पान चघळल्याचा संशय आला, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये आणि उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. थेट रुग्णालय गाठावे, जाताना झाडाची एक डहाळी पिशवीत घालून न्यावी.