सोयरिकीची चौकशी आणि मतदानाचा आंधळेपणा

मुलीची सोयरिक ठरवताना आपण मुलाच्या घरची तीन पिढ्यांची माहिती काढतो. शेती किती, कर्ज किती, कोणी जेलात गेलं होतं का, सगळं. पाच वर्षांसाठी राज्य ज्याच्या हाती द्यायचं, त्याच्याबद्दल मात्र एकच प्रश्न विचारतो: आपल्यातला आहे का?

हे अज्ञान म्हणावं, तर माहिती समोर ठेवलेली आहे, आणि ती आपल्यापर्यंत आणण्यासाठी दुसरे लोक झिजले आहेत. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधील काही प्राध्यापकांनी ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था काढून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि २ मे २००२ रोजी त्याने निकाल दिला, की उमेदवारावरचे गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे पक्ष या निकालाविरुद्ध एका बाजूला उभे राहिले. तो निष्प्रभ करण्यासाठी सरकारने वटहुकूम काढला; राष्ट्रपती कलामांनी तो एकदा परत पाठवला, तरी तो पुन्हा आला आणि पुढे कायदाही झाला. ही संस्था पुन्हा कोर्टात गेली. १३ मार्च २००३ रोजी निकालाला बगल देणारं त्या कायद्यातलं कलम रद्द झालं.

तेव्हा आपण कुठे होतो? एक मोर्चा नाही, गावात एक सभा नाही.

निवडणूक रोख्यांचंही तेच. गणपतीच्या वर्गणीची पावती मागणारा हा समाज. पण २०१८ पासून या रोख्यांच्या आड पक्षांना देणगी कोण देतं हे झाकून ठेवलं गेलं, तेव्हा हिशेब मागायला पुन्हा मूठभर याचिकाकर्तेच उभे राहिले. १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना घटनाबाह्य ठरली. असे लोक कोर्टात गेले की त्यांना ‘विकासविरोधी’, ‘परक्या पैशावर जगणारे’ म्हणणारे आपल्यातच निघतात. याची मला लाज वाटते. आपल्यासाठी भांडणाऱ्याला शिव्या आणि मतदानाच्या आदल्या रात्री ‘लक्ष्मीदर्शन’ घडवणाऱ्याला दादा, साहेब! पाकीट घेणारा गरीब असेल, त्याची अडचण मी समजू शकतो. पण मतदानाच्या सुट्टीला रविवार जोडून लोणावळा गाठणाऱ्या सुशिक्षिताला कोणती अडचण असते?

आणि ज्यांना खरोखर मत देता येत नाही, त्यांची आपल्याला आठवण तरी आहे का? दिवाळीनंतर बीडच्या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीचे कोयते कारखान्यांकडे निघतात. निवडणूक त्या महिन्यांत आली, तर नाव गावच्या यादीत आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात. मतासाठी परतायचं तर रोजगार बुडतो, नाहीतर उमेदवाराने पाठवलेल्या गाडीत बसावं लागतं, आणि त्या गाडीचं भाडं तो मतातच वसूल करतो. त्यांच्या घामाची साखर आपण खातो. त्यांच्या मतासाठी साधं निवेदन घेऊन आपल्यापैकी किती जण तहसीलदाराकडे गेले?

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, ‘नमुना २६’, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. येत्या निवडणुकीत ते काढा, पारावर मोठ्याने वाचा, आणि उमेदवार दारात आला की तोच कागद हातात धरून त्याला प्रश्न विचारा.