हसावे की गहिवरावे?

गेल्या महिन्यात चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही एक अमेरिकन बोलपट घरी बसून पाहिला. नाव 'लार्स अँड द रिअल गर्ल', साल २००७. दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी, लेखिका नॅन्सी ऑलिव्हर. कथानक ऐकताच घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी नाके मुरडली, आणि ते स्वाभाविकही होते.

विस्कॉन्सिन प्रांतातील एका लहानशा थंड गावात लार्स नावाचा तरुण थोरल्या भावाच्या अंगणातील मोटारखान्यात एकटा राहतो. गर्भवती भावजय कळवळून जेवावयास बोलाविते. हा सबबी सांगतो. कोणी नुसता स्पर्श केला तरी त्याला भाजल्यासारख्या वेदना होतात. आई त्याच्या जन्माच्या वेळीच निवर्तलेली, बाप त्या दुःखाने मुका झालेला, भाऊ लवकरच घर सोडून गेलेला. असा हा लार्स एके दिवशी माणसाएवढी बाहुली मागवितो आणि 'ही बियांका' म्हणून तिला चाकांच्या खुर्चीत बसवून भावाकडे घेऊन येतो. अशा बाहुल्या कोणत्या हेतूने विकल्या जातात, हे या पृष्ठांत लिहिण्याचे कारण नाही. लार्सच्या मनात तसे काहीच नाही. मर्यादा राखावी म्हणून तो तिची निजण्याची व्यवस्था भावाच्या घरात करावयास सांगतो. डॉक्टरीणबाई सल्ला देतात की, हा भ्रम बळाने मोडू नका. त्याच्या कलाने घ्या. मग सारे गाव बियांकेला माणूस मानू लागते.

यावर अमेरिकेतील टीकाकारांत दोन तट पडले. शिकागोचे रॉजर ईबर्ट यांनी ४ पैकी साडेतीन तारे दिले. लॉस एंजेलिसचे केनेथ टुरान यांनीही मनापासून स्तुती केली. उलट न्यू यॉर्क टाइम्सच्या मनोला डार्गिस यांना त्यात भावनेपेक्षा हिशेबच अधिक दिसला. पटकथेला ऑस्करचे नामांकन लाभले, पारितोषिक मात्र लाभले नाही.

आमचे मत काय? डार्गिसबाईंचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. त्या गावात टवाळखोर जवळजवळ नाहीतच. इतके एकजात सज्जन गाव आमच्या तरी पाहण्यात नाही. आपल्या साहित्यशास्त्राप्रमाणेही अनुचित ठिकाणी जडलेले प्रेम हा रसाभास, आणि शृंगाराचा आभास अखेर हास्यात उतरतो, असे अभिनवगुप्त म्हणतात. म्हणजे येथे हसू येणे शास्त्रसंमत आहे. परंतु शाकुंतलाचा सहावा अंक आठवा. दुष्यंत शकुंतलेच्या चित्रात रंगून त्यातील भ्रमराला दटावू लागतो. विदूषक त्याला भानावर आणतो, आणि राजा कष्टी होतो, कारण जिवंत झालेली प्रिया त्या एका वाक्याने पुन्हा चित्र झाली. विदूषक खोटे बोलला नव्हता. तरीही त्या क्षणी कोणाचा कळवळा येतो, हे वाचकांस सांगावयास नको.

तो विदूषक एकदा आम्हीही झालो होतो. आमच्या वाड्यात एक चुलत आजोबा होते. आजी गेल्यावर ते जेवताना शेजारी तिचा पाट मांडीत आणि तिकडे वळून चार शब्द बोलत. घरातील स्त्रिया काही न बोलता त्या पाटापुढे पान वाढीत. आम्ही नुकतेच मॅट्रिक झालेलो, तर्कसंग्रह पाठ, भर पंक्तीत म्हणालो, "आजोबा, तिथे कोणी नाही." ते क्षणभर थांबले, "खरे आहे, बाळ," म्हणाले आणि जेवू लागले. दुसऱ्या दिवशी पाट मांडला गेला नाही. पण आजोबाही पंक्तीला आले नाहीत. त्यांचे ताट अखेरपर्यंत माडीवरच जात राहिले. चाळीस माणसांच्या त्या वाड्यात ते एकटे राहिले, आणि आमचे विधान मात्र प्रमाणशुद्ध होते!

म्हणून या बोलपटातील एक प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. माझी कोणाला पर्वा नाही, असे लार्स कुरकुरतो, तेव्हा शांत स्वभावाची भावजय एकदम उसळते. त्या बाहुलीला न्हाऊमाखू घालणे, उचलून नेणे, तिची खुर्ची ढकलणे, हे सारे कष्ट गाव कोणासाठी उपसते आहे? तुझ्यासाठीच ना? हे तिचे बोलणे भाबडेपणाचे नव्हे. माया म्हणजे कष्ट, आणि ते रोज करावे लागतात, हे त्या सुनेला ठाऊक आहे. आमच्या घरातील स्त्रियांनाही ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हांला.

असो. भ्रम जोपासावा, असे आमचे म्हणणे नाही. तेथेही डॉक्टरीणबाईंची नजर सतत होती, आणि अखेरीस लार्स स्वतःच बियांकेला निरोप देतो. सांगावयाचे ते इतकेच की, घर भरलेले असले म्हणजे घरातील प्रत्येक माणूस एकटा नसतो, असे समजू नये. आज रात्री पाने घेताना कोणाचे ताट माडीवर जाते, तेवढे पाहावे. आणि जमल्यास ते पोहोचविणाऱ्याने तेथे थोडा वेळ बसावे.