करुण नायर गेला, रणजी चषक विदर्भाकडेच राहील का? समजून घ्या पूर्ण गणित

हिंगणा : सोयाबीनची कापणी जोरात असतानाच १५ ऑक्टोबरपासून रणजी हंगाम सुरू होतो आहे. चषक सध्या आपल्या विदर्भाकडे आहे. चौकात एकच प्रश्न आहे, करुण नायर कर्नाटकात परत गेला, आता आपलं कसं होणार?

प्रश्न चुकीचा नाही. मागच्या हंगामात करुणने रणजीत ८६३ धावा केल्या. जामठ्याच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५. तो सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी होती म्हणून चषक आपला झाला. म्हणजे एकेक धाव किती महाग पडते ते पाहा.

पण दुसरी बाजूही बघा. त्या हंगामात सगळ्यात जास्त धावा करुणच्या नव्हत्या, आपल्या यश राठोडच्या होत्या, ९६० धावा. अंतिम सामन्यात पहिल्या डावात १५३ काढणारा दानिश मालेवार नागपूरचाच. आणि हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातला हा विक्रम आहे.

हे पोट्टे अजूनही फॉर्मात आहेत. दुलीप करंडकात मध्य विभागाकडून दानिशने द्विशतक केलं, यशने अंतिम सामन्यात १९४. याच महिन्यात जामठ्यावर इराणी चषकात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ धावा केल्या, यशने ९१. करुण नसतानाच हे झालं, हे लक्षात घ्या.

मग चिंता कशाची? दोन गोष्टींची.

पहिली, हर्ष दुबे. एवढे बळी घेणाऱ्या पोराला भारत अ संघाचं बोलावणं येणारच, त्याचा आनंदच आहे. पण त्या काळात विदर्भाचे सामने चालूच राहतील. एकाच पिकाच्या भरवशावर वर्ष काढणं किती अवघड असतं ते आपल्याला सांगायला नको. पार्थ रेखडे आणि बाकीच्या गोलंदाजांना तेव्हा वजन उचलावं लागेल.

दुसरी, मैदान. मागच्या वर्षी उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम, तिन्ही सामने जामठ्यालाच झाले. बाद फेरी घरी खेळायची तर गटात वर राहावं लागतं. यंदा आपल्या गटात तामिळनाडू, बडोदा, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, आंध्र आणि नागालँड आहेत. सात सामने, आणि वरचे दोनच संघ पुढे जाणार. निर्भेळ विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलं तर ७. अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३, दुसऱ्याला १. मागच्या वेळी सातपैकी सहा सामने जिंकले होते. तसंच नुसतं आघाडीवर समाधान न मानता सामना जिंकायला जावं लागेल. नागालँडसारख्या संघाविरुद्ध तर पूर्ण गुण पाहिजेतच.

एक गोष्ट आणखी. २०१७-१८ आणि २०१८-१९ ला आपण जिंकलो तेव्हा वसीम जाफरसारख्या बाहेरून आलेल्या मोठ्या खेळाडूचा आधार होता. दुसऱ्या वर्षी त्याने हजारावर धावा केल्या. मागच्या वेळी करुण होता. यंदा मोठी जबाबदारी कर्णधार अक्षय वाडकर आणि इथल्याच पोरांवर आहे. म्हणून हा हंगाम चषकापेक्षा मोठा आहे. वलनीच्या खाण कामगाराचा पोरगा उमेश यादव इथूनच भारताकडून खेळायला गेला. घरची पोरं जिंकली तर उद्या गावखेड्यातल्या मैदानावर रबरी बॉलने खेळणाऱ्याच्या बापालाही पोराला सरावाला पाठवावंसं वाटेल.

माझा अंदाज विचाराल तर उपांत्य फेरी नक्की धरा. त्यापुढचं हर्ष किती सामने खेळतो, त्यावर आहे.