६०० किलोंच्या नियमाने मोठं केलेलं चेक विमान, आता नियमच बदलला तर काय?

२२ जुलै २०२५. अमेरिकेतल्या ऑशकोशच्या विमान मेळाव्यात एक नवा नियम जाहीर झाला. नाव 'मोझॅक'. नियम अमेरिकेचा, पण कान टवकारले गेले ते चेक प्रजासत्ताकातल्या कुनोविसे या छोट्या गावात. कारण या गावातल्या विमान कारखान्यांचं नशीब अमेरिकेच्या अशाच एका जुन्या नियमाने उघडलं होतं.

नेमकं प्रकरण काय, ते समजून घेऊ.

आधी बूट, मग विमानं

चेक लोक आणि छोटी विमानं हे नातं जुनं आहे. आपल्याकडे घराघरात पोचलेली बाटा कंपनी मूळची चेक, झ्लिन शहरातली. १९३४ मध्ये याच बाटाने शेजारच्या ओत्रोकोविसेत विमान कंपनी काढली. तिथली 'झ्लिन' विमानं पुढे जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हाती गेली. १९६० मध्ये कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा ब्रातिस्लाव्हाला झाली, ती लादिस्लाव बेझाकने झ्लिनच्याच विमानावर जिंकली. भारतातही रायबरेलीजवळच्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत झ्लिन २४२ एल वापरलं गेलं आहे.

कुनोविसे तिथून फार लांब नाही. तिथे 'लेट' हा मोठा सरकारी विमान कारखाना होता. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर तो डबघाईला आला. पण कारागीर आणि इंजिनिअर तिथेच होते. त्यांच्या हातातल्या कसबावर आजूबाजूला छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या.

२००४ चा नियम आणि लॉटरी

२००४ मध्ये अमेरिकेने 'लाइट स्पोर्ट' विमानांचा वेगळा वर्ग केला. अटी साध्या होत्या: जास्तीत जास्त दोन सीट, एक इंजिन आणि भरलेलं वजन ६०० किलोंच्या आत. बदल्यात कंपनीला महागडं सरकारी प्रमाणपत्र लागणार नव्हतं. उद्योगाने ठरवलेले निकष पाळले, असं कंपनीने जाहीर केलं की पुरे. पायलटलाही सवलत मिळाली. खासगी परवान्याला किमान ४० तास लागतात, इथे २० तास पुरतात. वेगळी वैद्यकीय तपासणीही नको, गाडी चालवायचं लायसन्स चालतं.

युरोपात अशी हलकी विमानं बनतच होती. त्यामुळे चेक कंपन्या तयारच होत्या. त्यातलं गाजलेलं विमान म्हणजे २००६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं 'स्पोर्टक्रूझर'. ॲल्युमिनियमचं, पंख खाली, दोघं शेजारी बसणार आणि पुढे ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं १०० अश्वशक्तीचं इंजिन. फिरायलाही चालतं आणि शिकायलाही.

२०१० मध्ये तर पायपर या नामवंत अमेरिकन कंपनीने ते 'पायपरस्पोर्ट' नावाने विकायला घेतलं. पण वर्षभरातच करार मोडला. व्यवसायाचा दृष्टिकोन जुळत नाही, असं पायपरने सांगितलं. चेक कंपनीने जुन्याच नावाने विक्री सुरू ठेवली.

६०० किलोंचं गणित

रिकामं विमान पावणेचारशे ते चारशे किलोंचं. उरले दोनशे-सव्वादोनशे. त्यात ८० किलोंचा शिक्षक आणि ८० किलोंचा विद्यार्थी बसला की इंधनाला उरतात ४० ते ६५ किलो. तासाला १८ लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणून धड्यापुरतं हे पुरतं. पण दोघं धडधाकट असतील, बॅगा असतील, तर टाकी अर्धीच भरावी लागते. शिवाय हलकं विमान वाऱ्याच्या झोताने जास्त हलतं आणि नवशिक्यांच्या आदळत्या लँडिंगने लवकर थकतं.

फायदा मात्र मोठा आहे. सेसना १७२ सारखं चार सीटचं विमान तासाला ३०-३५ लिटर इंधन पितं. शिकणाऱ्याच्या खिशाला हा फरक प्रत्येक तासाला जाणवतो.

मग मोझॅकने काय बदललं?

वजनाची अटच काढून टाकली. आता मुख्यतः पाहायचं ते हे, की विमान किती कमी वेगापर्यंत हवेत टिकतं. २२ ऑक्टोबर २०२५ पासून २० तासांच्या परवान्यावर जुनं सेसना १७२ सुद्धा उडवता येतं. प्रवासी मात्र एकच. नवी विमानं बनवण्याचे बदललेले निकष २४ जुलै २०२६ पासूनचे.

म्हणजे 'आम्ही ६०० किलोंच्या आत आहोत' हा चेक विमानांचा हुकमी एक्का गेला. दुसरीकडे त्यांना आता जास्त मजबूत आणि जास्त वजन पेलणारी विमानं काढायची मोकळीक मिळाली. ज्याच्याकडे नवं विमान घडवायला पैसा आहे, तो यात टिकेल.

खरी लढाई इंधनाची

जुन्या इंजिनांना लागणाऱ्या एव्हगॅसमध्ये शिसं असतं. १ मे २०२५ पासून युरोपीय संघात शिशाचं ते रसायन खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. अमेरिकेनेही २०३० च्या अखेरपर्यंत शिसं हटवायचं ठरवलंय. रोटॅक्स इंजिन मात्र बिनशिशाच्या साध्या पेट्रोलवर चालतं. चेक विमानांचा हा दुसरा एक्का अजून शाबूत आहे.

पण भारतात इथेच मेख आहे. रोटॅक्स १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालवून घेतं आणि आपल्या पंपावर आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. म्हणजे पंपावरून कॅन भरून आणायची सोय नाही.

आपल्याला काय?

व्यावसायिक पायलट व्हायला भारतात २०० तास उडावं लागतं. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांच्या घरचे यासाठी कर्ज काढतात. एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोरा इथल्या प्रशिक्षण संस्थेसाठी ३४ विमानं मागवली. त्यातली ३१ त्याच पायपरची आणि ३ डायमंडची. इंजिनं जेट इंधनावर चालणारी, म्हणजे मोठ्या विमानांना लागतं तेच इंधन, विमानतळावर सहज मिळणारं.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. शिकाऊ विमान निवडताना त्याची किंमत आणि वजन नंतर येतं. त्याला लागणारं इंधन त्या धावपट्टीवर रोज मिळतं का, हा प्रश्न आधी येतो. अमेरिकेत चेक विमानाचा कस वजनावर लागला. पुढची परीक्षा इंधनाची आहे आणि पायलट व्हायला निघालेल्या पोरांनीही प्रवेश घेताना संस्थेला हाच प्रश्न पहिला विचारावा.