एरर ड्रायव्हरचा, धंदा भीतीचा

उद्या सबमिशन. रात्रीचे साडेअकरा. प्रिंटर चालू आहे, कागद आहे, शाई आहे. पण स्क्रीनवर एकच हट्ट: ‘ड्रायव्हर इज अनअव्हेलेबल’. रीस्टार्ट केलं, पुन्हा तेच. केबल काढून परत लावली, तरी तेच. मग काय, आपण तोच मेसेज गुगलवर टाकतो. वरच जाहिरात असते, ‘फ्री स्कॅन करा’. स्कॅन केलं की लाल अक्षरांत यादी येते: ढीगभर ड्रायव्हर जुने, कॉम्प्युटर धोक्यात! खाली ‘आत्ता दुरुस्त करा’चं बटण, नाहीतर चक्क एक फोन नंबर.

इथे जरा थांबा. कारण या क्षणापर्यंत बिघाड फक्त प्रिंटरचा होता. इथून पुढे तो तुमच्या बँक खात्याचा होऊ शकतो.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोजची भाषा प्रिंटरला कळत नाही, प्रिंटरची विंडोजला नाही. मधला छोटा प्रोग्रॅम दोघांचं बोलणं जुळवतो. दोघांपैकी एक बदलला आणि दुभाषा जुनाच राहिला, की एरर येतो. रीस्टार्ट करून तो परत परत येतो, कारण रीस्टार्टने दुभाषा बदलत नाही.

हे सगळं आत्ताच वाढल्यासारखं का वाटतं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, पण मोफत सिक्युरिटी अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे, तेवढीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. आपल्याकडे दादाने वापरून झालेला किंवा सेकंडहँड घेतलेला पीसी असतो. तो या परीक्षेत नापास होतो. मग कुणीतरी जुगाड करून ११ टाकून देतं. पण त्या जुन्या प्रिंटरचा किंवा ग्राफिक्स कार्डचा ११ साठीचा ड्रायव्हर कंपनीने बनवलेलाच नसेल, तर एरर येणारच. यात तुमची चूक नाही आणि व्हायरसही नाही.

ड्रायव्हर किरकोळ गोष्ट आहे असंही नाही. बरेच ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात, म्हणून तिथली एक चूक अख्खी मशीन पाडू शकते. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची एक सदोष फाइल तिच्या ड्रायव्हरने वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि उपाय काय होता? बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जायचं, ती फाइल डिलीट करायची. म्हणजे एवढा मोठा बिघाडसुद्धा शांत डोक्याने, पायरी पायरीने सुटला.

घरचा इलाज

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसेल त्यावर डबल क्लिक करा. तिथे कोड लिहिलेला असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाहीये. कोड ४३ म्हणजे डिव्हाइसनेच गडबड कळवली म्हणून विंडोजने त्याला थांबवलं. इथे केबल, पोर्ट किंवा खुद्द डिव्हाइसही खराब असू शकतं.

अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुन्यावर परत जा. नाहीतर डिव्हाइस अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, विंडोज अपडेटमधले ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा. तिथेही नसेल तर डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, मॉडेल नंबर तपासून ड्रायव्हर घ्या. या कशालाच पैसे लागत नाहीत. आणि एक नियम पाठच करा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

नंबरच्या पलीकडे कोण असतं?

काशीमीऱ्याच्या पोरांना हा प्रश्न लांबचा वाटायला नको. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी शेजारच्या मीरा रोडमधल्या कॉल सेंटरवर रात्री धाडी टाकल्या. ७०० हून जास्त जणांना ताब्यात घेतलं, ७० जणांना अटक झाली. तिथून अमेरिकेत फोन जायचे: आम्ही टॅक्स खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर पोलीस येतील. फोनवर बोलणारी बहुतेक विशी-पंचविशीतली मुलंमुली होती.

तिथे टॅक्सची भीती विकली जात होती. कॉम्प्युटरच्या एररची भीती हा त्याच दुकानातला दुसरा माल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र २’मध्ये देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून होती: त्यांच्या नावाने ‘टेक सपोर्ट’ देतो म्हणून परदेशातल्या लोकांना लुबाडणारी कॉल सेंटर्स. पद्धत ठरलेली. स्क्रीनवर खोटा इशारा, खाली नंबर, मग ‘आम्हाला रिमोट अ‍ॅक्सेस द्या’, आणि शेवटी बिल.

म्हणून हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी लागतो. एका बाजूला घरात आई-बाबा आहेत. स्क्रीन लाल झाली की ते घाबरून तो नंबर फिरवू शकतात. त्यांना आजच सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

दुसऱ्या बाजूला नोकरीची जाहिरात आहे. ‘फ्रेशर्स चालतील, इंग्लिश चांगलं हवं, नाइट शिफ्ट, भरपूर इन्सेंटिव्ह.’ यातल्या कितीतरी नोकऱ्या अगदी सरळ असतात. पण मुलाखतीत कंपनीचं नाव विचारा, ऑफर लेटर मागा. वेगळं नाव घेऊन बोलायला सांगितलं, समोरच्याला घाबरवायची स्क्रिप्ट हातात दिली, गिफ्ट कार्डने पैसे घ्यायला लावले, तर तो सपोर्ट नाही. उठा आणि निघा. प्रिंटरचा ड्रायव्हर रोल बॅक करता येतो, पोलीस रेकॉर्डवर लागलेलं नाव नाही.