काठी कोणत्या हातात?

आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. तीस वर्षे रस्ते झाडून निवृत्त झालेल्या. त्यांचा उजवा खुबा दुखू लागला तेव्हा आम्हीच बाजारातून काठी आणली आणि त्यांच्या उजव्या हातात दिली. दुखणे उजवीकडे, तेव्हा आधारही उजवीकडे. यात विचार तो काय करायचा? पण मावशींचे चालणे सुधारले नाही. त्या एका अंगावर जास्तच झुकू लागल्या. नातीला शाळेतून आणायला जाणेही त्यांनी सोडले. पुढे दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काठी डाव्या हातात दिली, तेव्हा मावशी आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "दुखतंय इकडं आन् आधार तिकडं?"

खरे सांगायचे तर हाच प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचे उत्तर माणसाच्या चालण्यातच आहे. तेच आज वाचकांना सांगत आहोत.

आपल्याला वाटते, आपण दोन पायांवर चालतो. पण एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या वेळेचे 100 भाग केले, तर तो पाय सुमारे 60 भाग जमिनीवर आणि 40 भाग हवेत असतो. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात ते जेमतेम 20 भाग. उरलेला सारा वेळ शरीराचा भार एकाच पायावर असतो.

एका पायावर उभे राहिले की धड मधोमध आणि आधाराचा खुबा एका बाजूला, अशी स्थिती होते. मग शरीर उचललेल्या पायाच्या बाजूला कलंडू पाहते. ते कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कमरेचे हाड ओढून धरतात. तराजूची दांडी मधोमध न धरता एका टोकाजवळ धरली, तर आखूड बाजूला जास्त वजन टाकल्याशिवाय ती सरळ राहत नाही. इथेही तसेच आहे. स्नायूंची बाजू आखूड, शरीराच्या भाराची बाजू लांब. म्हणून स्नायूंना फार जोर लावावा लागतो. शरीराचा भार आणि स्नायूंचा ओढा, दोन्ही सांध्यावरच येतात. साधे चालतानाही खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट दाब पडतो. 60 किलो वजनाच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला 150 किलो!

सांधा दुखू लागला की माणूस आपोआप दुखऱ्या बाजूला झुकतो. भार सांध्याजवळ आला की स्नायूंचे काम हलके होते. मावशी झुकत होत्या त्या याच कारणाने.

आता काठीचे पाहू. डाव्या हातातील काठी उजव्या खुब्यापासून लांब टेकते. लांब दांडीच्या टोकाला थोडा जोर पुरतो, हे पहारीने दगड उचलणाऱ्यांना सांगायला नको. डाव्या हाताने काठीवर थोडासा भार दिला की धड कलंडत नाही, उजव्या बाजूच्या स्नायूंचे ओढणे कमी होते आणि सांध्यावरचा दाब बराच उतरतो. उजव्या हातातील काठी मात्र सांध्याच्या बाहेरच्या बाजूला पडते. ती धडाला सावरत नाही, माणूसच तिच्यावर झुकतो. शिवाय चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातोच. त्या तालात डाव्या हातातली काठी बरोबर बसते.

गुडघा दुखत असला तरी नियम हाच. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. हात सरळ खाली सोडला असता मनगटापर्यंत येईल एवढी तिची उंची असावी. म्हणजे मूठ धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहते. खालचे रबरी बूच झिजले की लगेच बदलावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल, तर मात्र काठी न शोधता दवाखाना गाठावा.

कित्येकजण लाजेपोटी काठी घेत नाहीत. 1956 साली वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकेतील हाडांच्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला. त्याचे नावच 'काठी फेकून देऊ नका' या अर्थाचे होते.

मावशींचा खुबा बरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या आता नातीला आणायला शाळेच्या फाटकापर्यंत जातात. आपल्याही घरी आई, आजोबा, आत्या काठी टेकत असतील. आज संध्याकाळी एकदा पाहा, ती कोणत्या हातात आहे. आमच्यासारखी चूक झाली असेल तर लाजू नका, काठीचा हात बदला.