वळणाऱ्या हाताच्या नावाने

इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ रोजी बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आली. पब आणि कार्यालयांतील धूर एका दिवसात रस्त्यावर आला. मात्र नियमावलीत एक लहानशी फट जाणीवपूर्वक ठेवण्यात आली होती. ज्या दुकानाची निम्म्याहून अधिक विक्री सिगार, तपकीर, पाइपची तंबाखू आणि तत्सम साहित्याची आहे, तेथे सिगार 'चाखून पाहणाऱ्या' ग्राहकाला तो दुकानातच पेटवता येतो. सिगारेटला ही सवलत नाही. जाहिरातबंदीतूनही अशा खास दुकानांच्या अंतर्भागाला सूट मिळाली. एकच वनस्पती, एकच निकोटीन. पण एकीला दाराबाहेर काढायचे आणि दुसरीला खुर्ची द्यायची, असा हा न्याय आहे.

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर या खुर्चीची परंपरा जुनी आहे. तेथील जेम्स जे. फॉक्स या दुकानाचा वारसा १७८७ पर्यंत मागे जातो आणि विन्स्टन चर्चिल हे तेथील दीर्घकाळचे गिऱ्हाईक होते. अशा दुकानातील जाणता विक्रेता थेट माल पुढे करीत नाही. आधी प्रश्न विचारतो. जेवण झाले आहे का? हाताशी वेळ किती आहे? यापूर्वी काय ओढले होते? नवख्याला तो बहुधा डॉमिनिकन रिपब्लिकचा सौम्य सिगार सुचवील. भरपेट जेवून आलेल्या मुरलेल्या माणसापुढे निकाराग्वाचा तिखट किंवा क्यूबाचा 'पार्तागास' ठेवील. सिगार बोटांत हलकेच दाबून कुठे पोकळ वा गठ्ठ लागतो का, हे पाहायचे. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका घेऊन हवा मोकळी येते का, ते तपासायचे. पेटल्यावर मिनिटाला एखादाच झुरका, तोही छातीत न ओढता तोंडात फिरवून सोडून द्यायचा. घाई केली की धूर कडवट होतो. बाहेरचे आवरण, आतला बांधणीचा पुडा आणि गाभ्यातील लांब पाने या तीन थरांची चव सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी निरनिराळी लागते, असे जाणकार सांगतात. ते खोटे नाही.

प्रश्न चवीचा नाहीच. तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्यावर गल्ल्यामागचा हा माणूसच सिगारउद्योगाची शेवटची कायदेशीर जाहिरात उरला आहे, हा खरा मुद्दा. त्याची शिफारस प्रामाणिक असेलही. पण 'छातीत ओढत नाही, म्हणून बाधत नाही' हा समज याच गप्पांतून पसरतो. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच शोषले जाते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्येच सविस्तर मांडला होता. विक्रेता आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखण्याबद्दल जेवढ्या आस्थेने बोलतो, तेवढ्या आस्थेने याबद्दल बोलत नाही. ते त्याचे कामही नव्हे, असे म्हणता येईल. मग सवलत देणाऱ्याचे ते काम होते.

त्यातच गेल्या काही वर्षांत शिफारशीचा अर्थही बदलला. मे २०२२ मध्ये 'हाबानोस' या क्यूबाच्या विक्री कंपनीने 'कोहिबा' आणि 'त्रिनिदाद' या नाममुद्रांचे दर जगभर हाँगकाँगच्या पातळीवर नेले आणि युरोपात कित्येक आकारांची किंमत एका झटक्यात दुप्पट झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात 'इयन' चक्रीवादळाने पिनार देल रिओ या प्रांतातील, म्हणजे उत्तम पानाच्या मूळ मुलखातील, पाने वाळवण्याची हजारो खोपटी पाडली. माल दुर्मिळ झाला, दर चढले. तरी कंपनीची उलाढाल घटली नाही. २०२३ मध्ये ती ७२ कोटी १० लाख डॉलर होती, २०२४ मध्ये ८२ कोटी ७० लाखांवर गेली. चीनमधील धनिक हा आता तिचा सर्वांत मोठा आधार आहे. लंडनचा विक्रेता मग काय करणार? गिऱ्हाइकाला काय रुचेल यापेक्षा फळीवर काय उरले आहे, त्यावर त्याचा सल्ला ठरू लागला. क्रांतीनंतर क्यूबा सोडलेल्या कुटुंबांनी निकाराग्वा, होंडुरास आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उभा केलेला धंदा या रिकाम्या फळीवर येऊन बसला, हा इतिहासाचा एक चोख सूड म्हणावा लागेल.

मात्र दर वाढण्याने सिगार वळणाऱ्याच्या पदरात काय पडते? हवानाच्या कारखान्यात कारागीर पाट्यावर बसून अर्धचंद्राकृती पात्याने पान कापतो आणि दिवसाकाठी शंभराच्या आसपास सिगार वळतो. समोर एक वाचक वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. ही प्रथा १८६५ पासूनची. जग या दृश्यावर लुब्ध आहे. पण कारागिराचे वेतन सरकारी उपक्रम पेसोत देतो, आणि २०२१ पासून त्या पेसोची घसरण थांबलेली नाही. शेतकऱ्यालाही बहुतांश पीक सरकारलाच द्यावे लागते.

तरीही कायद्यात सवलत मागितली जाते ती याच हाताच्या नावाने. ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने 'प्रीमियम' सिगारवरील अन्न व औषध प्रशासनाचे नियंत्रण रद्द केले, तेव्हा 'प्रीमियम' कोणता याच्या निकषांत 'हाताने बनवलेला' हा एक प्रमुख निकष होता. यंत्रातून निघालेल्या सिगारला ती सूट नाही.

हा युक्तिवाद आपल्याला अपरिचित नाही. 'चिरूट' हा आपला शब्दच मुळी तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, आणि तिरुचिरापल्लीच्या चिरुटांची राख शेरलॉक होम्सने पहिल्याच कादंबरीत ओळखली होती. पण खरे साम्य विडीशी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटचा दर ४० टक्क्यांवर नेण्याची, तर विडीचा २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. आधार तोच: ती हाताने वळली जाते, लाखो घरे त्यावर चालतात. सोलापुरात टेंभुर्णीच्या पानांची टोपली मांडीवर घेऊन विडी वळणाऱ्या स्त्रियांना हा आधार फसवा वाटणार नाही. रोजीचा प्रश्न त्यांच्यापुरता खराच आहे. फरक इतकाच, की सेंट जेम्स स्ट्रीटवर सवलत उपभोगणाऱ्याच्या जिभेसाठी आहे. येथे ती वळणाऱ्याच्या पोटासाठी असल्याचे सांगितले जाते आणि तिचा लाभ कारखानदाराच्या हिशेबवहीत आधी जमा होतो. मजुरीचा दर मात्र आंदोलनाशिवाय हलत नाही.

ब्रिटनपुरता हा वाद आता वेगळ्याच दिशेने निघाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या आणि मार्च २०२५ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने संमत केलेल्या तंबाखूविषयक विधेयकात, १ जानेवारी २००९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीही विकता येऊ नये, अशी तरतूद आहे. तिच्यात सिगारेट आणि सिगार असा भेद नाही. हाताने वळलेल्या सिगारला वगळावे, यासाठी व्यापाऱ्यांनी बराच आटापिटा केला. ही तरतूद अमलात आली, तर त्या तारखेनंतर जन्मलेले गिऱ्हाईक पन्नाशीला पोहोचले, तरी त्याला सेंट जेम्स स्ट्रीटवर सिगार विकत मिळणार नाही.